लग्नघरातली फुलं: यादी घड्याळाप्रमाणे करा

घरात लग्न ठरलं की साड्या, दागिने, केटरर, आहेर सगळ्याच्या वेगळ्या एक्सेल शीट होतात आणि फुलांसमोर फक्त "हार, गजरे वगैरे - फुलवाला" एवढं लिहिलेलं असतं. मीही पहिल्यांदा तेवढंच लिहिलं होतं. मग जरा शहाणपणा केला आणि फुलांच्या नावाने यादी काढली, गुलाब इतके, गुलछडी इतकी, मोगरा इतका, आणि सगळं एकदम सकाळी साडेसहाला हॉलवर मागवलं. मुहूर्त साडेबाराचा, रिसेप्शन सातला. सातला करवल्यांनी गजऱ्यांची पिशवी उघडली तर आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. त्यानंतर घरातली अजून दोन लग्नं झाली, दोन्हीकडे फुलांचं खातं माझ्याकडेच (कोणी मागत नाही हो, गळ्यात पडतं), आणि आता मी यादी घड्याळाप्रमाणे करते. कुठली माळ किती वाजता कोणाच्या गळ्यात, केसात किंवा दारावर जायचीय ते आधी लिहायचं, फूल कुठलं ते नंतर.

साधारण महिनाभर आधी फक्त एक बघा, तुमची तारीख कुठल्या हंगामात पडतेय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात झेंडू, शेवंती भरपूर असते पण मोगरा मात्र महाग आणि बारीक, कारण त्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. तेव्हा डिसेंबरच्या लग्नात "मला मोगऱ्याचेच गजरे हवेत" म्हणून हट्ट धरू नका, आणि मे महिन्यातल्या लग्नात शेवंतीसाठी अडून बसू नका. पुण्यात असाल तर गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या फुलबाजारात, मुंबईत दादरला स्टेशनबाहेर, एकदा पहाटे चक्कर मारून या, घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. बाजारात रजनीगंधा म्हणालात तरी कळतं पण गुलछडी म्हणालात की जरा आपलं समजून बोलतात. सुट्टी फुलं किलोवर, गुलाबाची गड्डी, ॲस्टरची जुडी, प्रत्येकाचं माप वेगळं, ते एकदा डोळ्याखालून गेलेलं असलं की हारवाल्याशी बोलताना आपण अगदीच ढ वाटत नाही. आणि ॲडव्हान्स द्याल तेव्हा वेळ लिहून द्या. "सकाळी" असं नाही, "पावणेबाराला, स्टेजच्या मागच्या खोलीत, अमक्याच्या हातात".

आदल्या दिवशी दुपारी दाराचं तोरण. हे विकत आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण लग्नघरात आलेल्या पाहुण्यांना हाताला काम लागतं नाहीतर ते स्वयंपाकघरात येऊन बसतात. आधी दोरा दाराला लावून मापा. तीन फुटी दार असेल तर मधे थोडी झोळ आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट लोंबतं धरून साडेसहा फूट होतात, गाठींसाठी फूटभर जास्तीचा. घट्ट ओवलेला झेंडू साधारण इंचाला एक बसतो म्हणजे नुसत्या फुलांचं करायचं तर ७५-८० फुलं, मधे आंब्याची पानं टाकत गेलात तर निम्म्यात भागतं आणि दिसतंही जास्त छान. पानं देठासकट तोडायची, ओल्या फडक्याने पुसायची. सुई फुलाच्या मधोमध घालून देठाकडच्या हिरव्या भागातून बाहेर काढायची, नुसत्या पाकळ्यांतून गेली तर रात्रीतून फूल गळून खाली. दहा-बारा फुलांनंतर सुई चिकट होते, बोटं पिवळी-हिरवी होतात आणि तो कडवट वास दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खातानाही हाताला येतो. ताजं राहावं म्हणून झेंडूवर पाणी मारणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असते, तिला थांबवा. ओला झेंडू सकाळपर्यंत आतून काळा पडतो. वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवायचा, बास.

हा झेंडू आणि ती गुलछडी, दोन्ही मूळचे मेक्सिकोचे बरं का, आपल्याकडे बाहेरून आलेले. तिकडे झेंडूच्या पाकळ्या पसरतात त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गेलेल्या माणसांना घराची वाट दिसावी म्हणून, आणि इकडे आपण त्याच फुलाने नव्या नवरीची वाट सजवतो. आमच्या एका आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, असेल, पण दसरा त्यांच्याकडे नाही ना.

देवाचे हार सकाळी सगळ्यात आधी लागतात म्हणून ते आदल्या रात्रीच घरात हवेत. इथे फुलं सरसकट चालत नाहीत. गणपतीला दूर्वा आणि जास्वंद (जास्वंद मात्र सकाळीच तोडा, संध्याकाळपर्यंत मिटते), तुळस नाही. विठोबाला उलट तुळशीचीच माळ. महादेवाला बेल आणि पांढरी फुलं, केवडा नाही. मारुतीला रुईच्या पानांची माळ. कुलदैवताचं काय ते घरातल्या मोठ्या माणसाला फोन करून विचारा, नेटवर शोधू नका, दर घराचं वेगळं असतं.

आता वधू-वरांचे हार. इथे वेळ घालवा. हा हार म्हणजे स्वयंवरातली निवड, मुलीने माळ घातली की ठरलं, म्हणून अंतरपाट बाजूला झाला की आधी ती घालते आणि मग तो. एवढा मोठा अर्थ असलेली वस्तू आपण कॅटलॉगमधला फोटो दाखवून "असाच पण जरा भरगच्च" अशी ऑर्डर करतो. भरगच्च गुलाबाचा हार सहज किलो-दीड किलोचा होतो, शिवाय त्यात तार असते. पुतणीच्या लग्नात मानेला तारेचे ओरखडे उठले होते, फोटोत टचअप करावे लागले. तेव्हा ऑर्डर देताना तीन गोष्टी बोला. एक, मानेवर येणारा सहा-आठ इंचाचा भाग नुसत्या गुलछडीच्या कळ्यांचा किंवा रिबिनीचा, तार नाही. दोन, हाराचं तोंड. नवरदेवाला फेटा असतो, त्याला तुरा असतो, नवरीला अंबाडा, गजरा, वर मुंडावळ्या, आणि यातल्या कशात ना कशात हार अडकतोच. घरातल्या कोणाला तरी फेटा बांधून बसवा आणि दोरीचा फास करून डोक्यावरून उतरवून बघा, सहज उतरला की तेवढं माप अधिक चार बोटं. पोरं खी खी करतील, करू द्या. तीन, लांबी. बेंबीपर्यंत पुरे, त्याखाली गेला की सप्तपदीला उपरणं-शेल्याच्या गाठीत गुंततो. मुंडावळ्या हल्ली सगळे मोत्याच्याच घेतात, फुलांच्या हव्या असतील तर गुलछडीच्या न उमललेल्या कळ्यांच्या सांगा, उमललेल्या डोळ्यांपुढे लोंबून पापण्यांवर घासतात.

आणि नवरदेवाला उचलून धरणाऱ्या मित्रमंडळाला आदल्या दिवशीच प्रेमाने सांगून ठेवा. माझ्या मोठ्या भाच्याच्या वेळी चौघांनी त्याला उचललं, नवरीच्या भावांनी तिला उचललं, वर हार भिरकावला गेला आणि तुऱ्यात अडकून फटकन तुटला. गुलाब स्टेजभर. भटजी अक्षता हातात घेऊन शांतपणे बघत होते. माझ्या पर्समध्ये तोरणाची सुई आणि दोरा राहिला होता म्हणून निभावलं, मागच्या खोलीत जाऊन दोन मिनिटांत टाका घालून आणला. तेव्हापासून सुई-दोरा यादीत पक्का, सेफ्टी पिनांच्या वर.

यादीतून हमखास सुटणारा हार म्हणजे फोटोचा. जे आजी-आजोबा गेलेत त्यांचा फोटो हॉलवर ठेवायचा असतो, फोटो आठवणीने नेतात आणि हार विसरतात, मग कोणीतरी स्टेजवरची माळ ओढून घालतं. असं नको. ताजा छोटा पांढरा हार वेगळा सांगा, किंवा घरचा चंदनाचा असेल तर तो पुसून न्या. याच्या उलट एक काळजी, बॅनरवरच्या नवरा-नवरीच्या फोटोभोवती डेकोरेटर हौसेने फुलांची माळ लावतो, ती काढायला लावा. जिवंत माणसाच्या गळ्यात हार, फोटोला नाही. तो तरुण मुलगा असतो, त्याला माहीत नसतं, आणि ते बघून आत्याबाईंचा दिवसभर मूड जातो.

गजरे दोन खेपांत मागवा, सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. संध्याकाळचे पूर्ण मिटलेल्या कळ्यांचे, ओलसर (ओल्या नव्हे) मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी, पाण्याचा थेंब कळीवर राहिला की तिथे तपकिरी डाग. आपल्याकडचा हारवाला सुईने ओवतो, दाक्षिणात्य पद्धतीत सुई नाही, दोऱ्याच्या गाठीत फूल बांधतात, फुलाला भोक पडत नाही म्हणून ते जास्त टिकतं. मुंबईकरांना माटुंग्याला तसे मिळतात. आणि गोव्याकडचं कोणी येणार असेल तर अबोलीची फाती (तिकडचा गजरा) आणायला सांगा. अबोलीला वास नाही पण तिचा तो केशरी रंग दिवसभर हलत नाही. संख्या मोजताना आलेल्या बायकांची अधिक दहा. "अधिक दहा" कशासाठी ते सांगते. हॉलच्या दारात गजरे वाटणारी मुलगी एखाद्या काकूंपाशी आली की अडखळते, कारण काका गेलेत, आणि काकू पण हसून "नको गं" म्हणून पुढे सरकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, एका गावाने. आपल्याला निदान दारात उभ्या असलेल्या मुलीला आधी सांगून ठेवायला काय हरकत आहे, की गजरा सगळ्यांना, विचारायचं नाही, हातात ठेवायचा. माझ्या मामीने तो गजरा घेतला, केसात नाही माळला, पण रिसेप्शनभर मनगटाला गुंडाळून बसली होती आणि मधून मधून वास घेत होती.

बाकीचं पटापट. व्याहीभेटीचे हार मोजून, दोन्हीकडचे सारखे, एकाचा जाड एकाचा बारीक झाला तर पुढची दहा वर्षं ऐकाल. ऐनवेळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन हार जास्तीचे, हारतुऱ्यांऐवजी बुके द्यायचे असतील तर तेही ठरवूनच. गाडीला माळा लावताना पुढची काच आणि नंबर प्लेट मोकळी. स्टेजवर सगळीच खरी फुलं कशाला, लांबून कोणाला कळत नाही, पण हाताला लागणारी आणि नाकाशी येणारी खरी हवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले असतात तेव्हा अर्धा तास काढा. वरमाला जपायच्या असतील (हल्ली रेझिनमध्ये घालून फ्रेम करतात) तर त्या रात्रीच बाजूला काढलेल्या हव्यात, पिशवीत कोंबलेल्या नकोत. उरलेल्या हारांचे दोरे, तार, रिबिनी, चमकी ओढून काढायची आणि मगच फुलं निर्माल्य कलशात किंवा सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात. दाराचं तोरण मात्र तसंच राहू द्या, पाचपरतावण्याला मुलगी येईल तेव्हा ते वाळलेलं का होईना दारावर असू दे.