आयपी रेंजची माहिती एपीआयने काढताय? या चुका टाळा

साइटच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदीत) अनोळखी आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसला की तो कोणाच्या नावावर आहे हे शोधायला आरडीएपी हा एपीआय, म्हणजे प्रोग्रामने माहिती विचारायची सोय, चांगलं साधन आहे. २०१५ साली त्याची मानकं आली. याच कामाचं जुनं हूइज वाट्टेल तसा मजकूर द्यायचं, आरडीएपी प्रोग्रामला वाचता येईल असं नीट साच्यातलं जेसन देतं. पण उत्तर दोन सेकंदांत मिळतं म्हणून ते वाचायलाही दोनच सेकंद द्यायचे, ही सवय वाईट. नागपुरात ज्या ज्या ऑफिसात या कामासाठी जातो, तिथे याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

उत्तरात आला म्हणून अख्खा ब्लॉक बंद करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काटोल-कळमेश्वरकडच्या संत्रा बागायतदारांना खतं-औषधं विकणारी एक साइट होती. एका आयपीवरून कोणीतरी पासवर्ड मारून बघत होतं. तिथल्या पोट्ट्याने तो आयपी एपीआयला दिला, उत्तरातले ‘स्टार्ट अ‍ॅड्रेस’ आणि ‘एंड अ‍ॅड्रेस’, म्हणजे त्या ब्लॉकचा पहिला आणि शेवटचा पत्ता, उचलले आणि मधली सगळी रेंज फायरवॉलमध्ये अडवून मोकळा झाला. ब्लॉक निघाला मोबाइल कंपनीचा. संध्याकाळी मालकाचा फोन, “भाऊ, साइट उघडूनच नाही राहिली. शेतकऱ्यांचे फोनवर फोन येऊन राहिले.” ऑफिसच्या वायफायवर साइट व्यवस्थित चालत होती, म्हणून सर्व्हर ठीक आहे यावर पोट्टा अडून बसला. मी त्याला वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाइल डेटावर साइट उघडायला लावली, तेव्हा कुठे उमगलं.

रजिस्ट्रीने (पत्ते वाटणाऱ्या संस्थेने) कोणाला किती पत्ते नोंदवून दिले, एवढंच ती रेंज सांगते. त्रास देणारा त्यातल्या एका पत्त्यावर असतो. मोबाइल कंपन्या तर सीजी-नॅटने एका सार्वजनिक आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात. म्हणून मी एकच आयपी, तोही काही तासांपुरता अडवतो आणि लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घालतो. कंपनीकडे तक्रार करायची तर अचूक वेळ, ती आयएसटी की यूटीसी, आणि सोर्स पोर्ट (आयपीसोबत येणारा, पाठवणाऱ्याच्या बाजूचा जोडणी क्रमांक) हे तिन्ही द्या. सीजी-नॅटमागचा ग्राहक पोर्टशिवाय सहसा सापडत नाही, आणि बऱ्याच वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये पोर्ट नसतोच. लॉगमध्ये पोर्ट नोंदवणं आजच चालू करून घ्या.

‘कंट्री’ म्हणजे माणसाचा ठिकाणा समजणे

१.१.१.१ विचारून बघा. नोंद एपनिकच्या (आशिया-पॅसिफिकच्या रजिस्ट्रीच्या) नावावर, देश ऑस्ट्रेलिया. तो पत्ता चालवते क्लाउडफ्लेअर ही कंपनी, आणि नागपुरातून विनंती केली तर भारतातल्याच सर्व्हरवरून उत्तर येऊ शकतं. देश बघून गिऱ्हाईक अडवू नका.

रेंज म्हणजे एकच सीआयडीआर धरणे

उदाहरणांसाठी राखलेल्या पत्त्यांमधली २०३.०.११३.५ ते २०३.०.११३.२० ही रेंज घ्या. सीआयडीआर म्हणजे ब्लॉक ‘पत्ता/आकडा’ असा लिहिण्याची पद्धत, आणि त्यात /२८ म्हणजे सोळा पत्ते. इथेही पत्ते सोळा, म्हणून लोक सरळ /२८ लिहितात. /२८ सुरू होतो .० किंवा .१६ पासून, .५ पासून नाही. खरे तुकडे पाच: .५/३२, .६/३१, .८/२९, .१६/३० आणि .२०/३२. डोक्यात हिशेब करू नका. पायथॉनच्या ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे.

आणखी काही, थोडक्यात:

- आयपी अक्षरं म्हणून क्रमाने लावले तर .१० हा .९ च्या आधी येतो. आधी आकड्यात बदला.
- कर्लला (कमांडने विनंती पाठवणाऱ्या साधनाला) रीडायरेक्टच्या, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणीच्या, मागे जायला सांगितलं नाही, की उत्तर रिकामं दिसतं. पत्ता भारतातला, एपनिकचा की आणखी कुठल्या रजिस्ट्रीचा, यावर विनंती पुढे पाठवली जाते.
- १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते विचारूच नका. ते लॉगमध्ये पाहुण्यांच्या जागी दिसत असतील तर प्रॉक्सीची (साइटच्या पुढे बसलेल्या मधल्या सर्व्हरची) सेटिंग तपासा.
- तक्रारीचा ईमेल वरच्या थरात सापडला नाही तर उत्तरातल्या ‘एंटिटीज’च्या (संबंधित संस्था-माणसांच्या नोंदींच्या) आतल्या ‘एंटिटीज’ उघडा.

लॉगची प्रत्येक ओळ एपीआयवर सोडणे

लूप लावायचा, चहाला जायचं आणि परत येऊन ४२९ चे, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’ या नकाराचे, ढीग बघायचे. तरी मग थांबायचं सोडून समांतर धागे (एकाच वेळी सुटणाऱ्या विनंत्या) वाढवणारे आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. सार्वजनिक सेवा आहे, सगळ्यांची आहे. उत्तरात ‘रिट्राय-आफ्टर’ (किती वेळाने पुन्हा विचारायचं ते) आला असेल तर तेवढा वेळ थांबा. मी आधी सारखे आयपी गाळतो, उरलेले क्रमाने लावतो, आणि आलेली प्रत्येक रेंज साठवून पुढचा आयपी तिच्यात बसतो का ते पाहतो. फक्त एक ध्यानात ठेवा: साठवलेल्या मोठ्या ब्लॉकच्या पोटात दुसऱ्याला दिलेला लहान ब्लॉक असू शकतो. ढोबळ मोजणीला साठवलेलं उत्तर पुरतं. तक्रार पाठवण्याआधी मात्र तो आयपी मी नव्याने विचारतो.