चेसापीक सिटीचं कॅनल म्युझियम नीट कसं बघायचं

चेसापीक सिटी म्हणजे मेरीलँडमधलं एवढंसं गाव, डेलावेअरच्या बॉर्डरला अगदी लागून, आणि तिथल्या जुन्या दगडी पंप हाऊसमध्ये सी अँड डी, म्हणजे चेसापीक अँड डेलावेअर कॅनलचं म्युझियम आहे. न्यू जर्सीचं एडिसन, फिली म्हणजे फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, कुठूनही सकाळी निघून संध्याकाळी घरी. तिकीट नाही. मात्र वीकेंड धरून प्लॅन करू नका, जागा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर खात्याची, सगळा सरकारी कारभार, तेव्हा मधल्या वारची सुट्टी टाका आणि निघायच्या आधी वेळ चेक करा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मॉडेलं बघितली, फोटो काढले आणि दहा मिनिटांत बाहेर. अशा ठिकाणी आधी डोक्यात एक प्रश्न घेऊन जायचं, नाहीतर नुसतं जुनं लोखंड दिसतं. इथला प्रश्न सोपा आहे: कॅनलमध्ये पाणी असतंच ना, मग पंप कशाला?

म्हणून आत गेल्यावर आधी नकाशा शोधा. डेलावेअर नदी आणि चेसापीक बे यांच्या मधली चिंचोळी जमीन कापून साधारण 14 मैलांचा हा कॅनल 1829 ला सुरू झाला, त्यामुळे फिलाडेल्फिया ते बाल्टिमोरचा बोटीचा वळसा जवळजवळ 300 मैलांनी वाचला. पण मधली जमीन उंच, म्हणून बोटी लॉकमधून वर चढवायच्या आणि पलीकडे उतरवायच्या. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांचा हौदच की, आणि दर बोटीमागे वरचं हौदभर पाणी खाली जाणार. बोटी वाढल्या तसं वर पाणी पुरेना, मग खालच्या बॅक क्रीकमधून ते परत वर चढवायचं, हेच या घराचं काम.

हे डोक्यात बसलं की मगच चाकापाशी जा. साधारण 38 फूट व्यासाचं, लाकूड आणि लोखंडाचं. आपल्या रहाटासारखं वाटतं पण रहाटाची गाडगी वरपर्यंत जाऊन ओततात, इथे तसं नाही, चाकाच्या आतच 12 कप्पे आहेत, ते खाली पाणी भरून घेतात आणि कप्पा वर चढला की पाणी घरंगळत मधल्या आसाकडे येऊन तिथून बाहेर पडायचं. म्हणजे एवढं थोरलं चाक पण पाणी चढणार त्याच्या निम्म्यापर्यंतच! पोरं बरोबर असतील तर हे त्यांनाच ओळखू द्या.

आता फोनवर स्टॉपवॉच लावा. चाक मिनिटाला दीडपेक्षा किंचित जास्त फेरे करायचं, म्हणजे एका फेऱ्याला 37 सेकंद. एक कप्पा मनात धरा आणि तेवढ्या वेळात नजरेनं हळूहळू पूर्ण गोल फिरवून आणा. वाटतं, हे कसलं मरतुकडं मशीन, पण मिनिटाला 20,000 गॅलन पाणी उचलायचं, आपल्या हिशोबात दहा हजार लिटरचे साडेसात टँकर, दर मिनिटाला.

इंजिनं शेवटी बघा, घाई करू नका. वाफेची दोन इंजिनं, फिलाडेल्फियाच्या मेरिकच्या कारखान्यातली, पहिलं 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला बसलं आणि दुसरं 1854 ला, आणि आजही त्याच मूळ पायावर उभी आहेत. त्या जातीची एवढी जुनी, जागची न हललेली इंजिनं अमेरिकेत दुसरी नाहीत. सत्तरेक वर्षं राबली बिचारी. 1919 ला सरकारनं कॅनल विकत घेतला, खोदून समुद्राच्या पातळीला आणला, 1927 पासून लॉकच उरले नाहीत, मग पंपाला काम काय राहणार.

नंतर डबा घेऊन बाहेर पाण्याकाठी बसा. एखादं मोठं मालवाहू जहाज आलं तर पुलाकडे न बघता त्याच्या कडेला बघा: छोटी लाँच जहाजाला चिकटते, डेलावेअरचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, उतरतो, मेरीलँडचा चढतो, कधी याच्या उलट, आणि जहाज थांबत नाही.