व्हेंतिमिल्याला शुक्रवारी जायचं की नाही?

फ्रान्समधल्या नीसला मुक्काम असेल तर लोकल ट्रेनने पाऊण-एक तासात इटलीतलं सीमेवरचं व्हेंतिमिल्या गाठता येतं. शुक्रवारी समुद्राकाठी मोठा बाजार भरतो. चीज, ऑलिव्ह, चामड्याच्या पिशव्या घ्यायच्या असतील तर शुक्रवार. गाव बघायचं असेल तर बाकी कुठलाही वार. शुक्रवारी ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि हो, स्वस्तातली नकली ब्रँडेड पर्स घेऊ नका, परतताना फ्रेंच कस्टम्सने पकडलं तर दंड होतो.

स्टेशनजवळचा भाग नवा. खरं गाव रोया नदीपलीकडच्या टेकडीवर. बोळ चढणीचे आणि दगडी, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. वर कॅथेड्रल आहे, पण मला जास्त आवडलं ते सान मिकेले चर्च. त्याच्या तळघरात रोमन रस्त्यावरचे मैलाचे दगड चक्क खांब म्हणून वापरलेत! गावाचं नाव इटालियनमधल्या ‘वीस मैल’सारखं ऐकू येतं, पण त्याचा मैलांशी संबंध नाही. ते अल्बिंतिमिलियम या रोमन नगराच्या नावावरून आलं. त्या नगराचे अवशेष, नाट्यगृहासकट, नव्या भागाच्या पूर्वेला आहेत.

अर्धा दिवस हाताशी असेल तर बसने मोर्तोलाची हॅनबरी बाग गाठा. शांघायमध्ये पैसा कमावलेल्या थॉमस हॅनबरीने 1867 साली ही जागा घेतली. बाग समुद्राकडे उतरत जाते, म्हणजे परतताना सगळा चढ. पाण्याची बाटली न्या.

पासपोर्ट मात्र जवळच ठेवा. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात असले तरी फ्रान्समध्ये शिरताना ट्रेनमध्ये पोलीस तपासणी होते.