चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून
ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. चढावर तुमची गाडी बंद पडत नाही, ती बरेचदा त्यांच्या पायामुळे! शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यांना पाय बाजूला ठेवायला सांगा आणि भल्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, मलबार हिलसारख्या चढावर सराव करा.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. क्लच इतका हळू सोडा की इंजिनाचा आवाज जड होईल, बॉनेट किंचित उचललं जाईल. पाय तिथेच थांबवा, ॲक्सिलरेटर हलका दाबा, मग हँडब्रेक सोडा. क्लच झटकन सोडलात तर इंजिन बंद पडणारच. उलट, सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट घासते, करपल्यासारखा वास येतो. तिथे हँडब्रेकच बरा. उपनगरात मागची रिक्षा अगदी बंपरला चिकटते, तेव्हा वीतभर घसरणंही महागात पडतं.

लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते. एकतिसाव्या दिवशीच धावायची गरज नाही.