४०१ आला? आधी टोकन उघडून बघा

कालपर्यंत चालणारी रिक्वेस्ट आज अचानक ४०१ (म्हणजे सर्व्हरला तुमची ओळख पटली नाही) देते आणि आपण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसतो. टोकन, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारा ओळखीचा मजकूर, जेडब्ल्यूटी प्रकारचं (टिंबांनी जोडलेले तीन तुकडे) असेल तर आधी हे करा:

१. दोन टिंबांच्या मधला तुकडा घेऊन बेस६४च्या यूआरएल प्रकाराने (बेस६४यूआरएल) डीकोड करा, म्हणजे आतला मजकूर वाचता येईल.
२. त्यात 'ईएक्सपी'समोरचा १० अंकी आकडा म्हणजे मुदत, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. आत्ताच्या वेळेपेक्षा लहान असेल तर टोकन संपलंय, नवं घ्या.
३. मुदत शिल्लक आहे? मग रिक्वेस्टचा 'ऑथरायझेशन' हेडर (टोकन ज्या ओळीत जातं ती) बघा: 'बेअरर', एकच स्पेस, मग टोकन. टोकन फाइलमधून वाचत असाल तर त्याच्या शेपटीला न दिसणारी नवी ओळ चिकटलेली असू शकते. ती फार छळते.

चालू टोकन अनोळखी ऑनलाइन डीकोडरमध्ये मात्र पेस्ट करू नका. ते ज्याच्या हाती पडेल, त्याला सर्व्हर तुम्हीच समजेल.