केमोआधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं: पुरुषांसाठी

पहिल्या केमोची तारीख मिळाली की घरात धावपळ सुरू होते. रिपोर्ट, फाइल, मेडिक्लेम, खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सोबत कोण येणार. या गडबडीत एक गोष्ट हमखास राहते, आणि नेमकी तीच मागाहून करता येईल याची खात्री नसते. पुढे मूल हवं असेल तर वीर्य केमोआधीच साठवावं लागतं. सिस्प्लॅटिन, सायक्लोफॉस्फमाइड यांसारख्या औषधांनी शुक्राणू बनणं थांबतं, कधी कायमचं. तोंडाच्या कॅन्सरलाही रेडिएशनसोबत बऱ्याचदा सिस्प्लॅटिनच देतात. तेव्हा गाठ गालात आहे म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं धरू नका.

ओपीडीत सरळ विचारा: ‘डॉक्टर, वीर्य साठवायला किती दिवस मिळतील?’ दोन-तीन दिवस वीर्यपात टाळून नमुना द्यायचा. वेळ असेल तर तेवढ्याच अंतराने आणखी एक-दोन द्या. नसेल तर एकही कामाचा आहे, कारण आयव्हीएफच्या इक्सी पद्धतीत, म्हणजे सुईने शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात तेव्हा, एका बीजाला एकच शुक्राणू लागतो. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सी आणि सिफिलिसच्या तपासण्या आधी होतात.

नमुना हस्तमैथुनाने, वीर्य साठवणाऱ्या केंद्राने दिलेल्या डबीतच घ्यायचा. थुंकी, तेल, साबण, साधा कंडोम यांतलं काहीही नको. शुक्राणू मरतात किंवा मंदावतात. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, म्हणून ते सांडले तर लाजू नका, तिथल्या माणसाला सांगा. घरून न्यायचा तर तासाभराच्या आत, अंगाजवळच्या उबेत न्यावा लागतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा हिशेब जमत नाही, तेव्हा केंद्रातच द्या. ताणामुळे तिथे नमुना आलाच नाही, तर वृषणातून छोट्या प्रक्रियेने शुक्राणू काढता येतात. पुढे ते द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर राहतात.

उपचार चालू असताना जवळ येण्याने कॅन्सर लागत नाही. बायकोच्या मनात ही भीती बऱ्याचदा असते आणि ती बोलत नाही, म्हणून विषय तुम्हीच काढा. औषधाचा अंश वीर्यात उतरतो. प्रत्येक केमोनंतर निदान आठवडाभर कंडोम वापरा. दिवस राहण्याची शक्यता असेल तर उपचारभर आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने वापरा. प्लेटलेट्स ५०,०००च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर संभोग थांबवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात हे आकडे सर्वांत खाली जातात. तोंड आलं असेल, जबडा उघडत नसेल, तर कुशीत झोपणंही पुरे असतं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नसा वाचवल्या तरी ताठरता परतायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. रेडिएशननंतर उलटं होतं: सुरुवातीला सगळं ठीक असतं आणि ताठरता हळूहळू उतरते. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, तरी सुखाचा क्षण येतो. लघवी गळत असेल तर आधी मूत्राशय रिकामं करा. हार्मोनच्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि इच्छाच मावळते. हे बायकोला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती दोष स्वतःकडे घेते.

ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल तासभर आधी, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायची. तेलकट जेवणावर ती उशिरा चढते, आणि मन उत्तेजित नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. ‘लागू पडत नाही’ म्हणण्याआधी सहा-आठ वेळा नीट वापरून पाहा. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट चालू असेल, तर ही गोळी अजिबात नको. रक्तदाब जिवावर बेतेल इतका पडतो. लघवीसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा. लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवलेली ‘शक्तिवर्धक’ चूर्णं घेऊ नका. अशा चूर्णांत कधी कधी न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं असतं, म्हणजे सॉर्बिट्रेटचा धोका तुम्हाला कळतही नाही.

गोळीने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे. त्याची लिंगाच्या बुडाशी बसवायची रिंग तीस मिनिटांत काढायचीच. पुढची पायरी लिंगात घ्यायच्या इंजेक्शनची. पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्या. ताठरता चार तासांवर टिकली तर रात्र असो, सणवार असो, थेट कॅज्युअल्टी गाठा.