व्हेनियर लावण्याआधी हे वाचा

लग्न तोंडावर आलं की समोरच्या दातांना व्हेनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ आवरण, लावायची घाई होते. जरा थांबा. पोर्सिलेन व्हेनियरसाठी बहुतेक वेळा साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल (दाताचा वरचा कडक थर) घासावं लागतं, आणि ते पुन्हा येत नाही. शिवाय 10-15 वर्षांनी व्हेनियर बदलावं लागतं. आधी दात साफ करून घ्या. चहा, तंबाखू, मिश्रीचे डाग नुसत्या स्केलिंग-पॉलिशिंगनेही (दातांवरचं कीटण काढून ते चकचकीत करणं) बरेच जातात. टवका उडालाय किंवा दोन दातांत फट आहे? कंपोझिट बाँडिंग (दाताच्या रंगाचं मटेरियल चिकटवून आकार देणं) बहुधा एकाच बैठकीत होतं, खर्चही कमी. मात्र ब्लीचिंग (रसायनाने दात उजळवणं) करायचं असेल तर ते आधी, बाँडिंग त्यानंतर दोन आठवड्यांनी, कारण कंपोझिटचा रंग ब्लीचने उजळत नाही. झोपेत दात खात असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर महागडं व्हेनियरही तडकतं.